उणे पंचवीसच्या खाली

स्टॉकहोम
३ ऑक्टोबर १९८८

प्रिय हाल्वार,

हे पत्र बघून दचकला असाल. एस्किलशी घटस्फोट झाल्यापासूनच्या चार वर्षांत मी तुम्हा सासू-सासऱ्यांना फक्त नाताळची कार्डं पाठवली, तीही दोनच. एस्किलबद्दल किंवा माझ्याबद्दल हे पत्र नाही, हे आधीच सांगते.

आमच्या प्रयोगशाळेत एक नवी प्रोग्रामिंगची भाषा तयार झाली आहे. तिच्यात लिहिलेलं पहिलं टेलिफोन एक्स्चेंज या हिवाळ्यात कुठेतरी खरोखर चालवून बघायचं ठरलं. ठिकाण निवडलं ते थेट यूसबेक. बासष्ट घरं, एक शाळा, वर डोंगरावरचं हॉटेल. देखभालीसाठी कोण म्हणून यादी बघितली, तर तुमचं नाव. मी बैठकीत गप्प बसले. तुम्ही आता माझे कोण लागता हे मला एका वाक्यात सांगता आलं नसतं.

यंत्र दर आठवड्याला कागदावर आपली हकिगत छापेल, तो कागद तुम्ही पाठवायचाच आहे. त्याबरोबर चार ओळी तुमच्या हाताच्या हव्यात. यंत्राला जे कळत नाही ते मला कळायला हवं. फोन करता आला असता, पण फोन सिग्ने उचलतील आणि मला रडू येईल, म्हणून पत्र.

इंगेला

*

यूसबेक
९ ऑक्टोबर

इंगेला,

दचकलो नाही. सिग्ने दचकली. तिने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, "अक्षर अजून तसंच, मुंग्या चालल्यासारखं."

तुझं यंत्र आलं. जुनं एक्स्चेंज अख्खी खोली व्यापून होतं आणि दिवसभर खडखडत असे. हे कपड्यांच्या कपाटाएवढं आहे आणि तोंडातून शब्द काढत नाही. मला निवृत्तीला एक वर्ष राहिलं, त्यात हे मुकं जनावर सांभाळायला दिलंत. हॉटेलमधला जुना स्विचबोर्ड तसाच ठेवलाय, त्याची तार तुझ्या कपाटाला जोडून दिली.

चार ओळी लिहीन. पण आधी तू मला आत काय चाललंय ते सांग. पोरासोरांना सांगतेस तसं नको. मी चाळीस वर्षं तारा जोडल्या आहेत.

हाल्वार

*

स्टॉकहोम
१४ ऑक्टोबर

प्रिय हाल्वार,

सांगते. जुन्या पद्धतीत एकच मोठा प्रोग्राम सगळे फोन सांभाळायचा, आणि तो अडकला की गाव मुकं. आमच्या भाषेत प्रत्येक कामाला वेगळा कामकरी असतो. तुमच्या फोनचा एक, शाळेच्या फोनचा एक, हॉटेलच्या तारेचा एक. असे शेकडो, सगळे एकाच वेळी आपापलं काम करतात. कोणी कोणाच्या वस्तूला हात लावत नाही. काही सांगायचं असलं तर दुसऱ्याच्या दारातल्या पेटीत चिठ्ठी टाकायची आणि आपल्या कामाला लागायचं. एक कामकरी कोसळला तरी बाकीचे उभे राहतात.

भांडण आहे ते पेटी कशी उघडायची यावर. वेर्नर, म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा, आमच्यातला सगळ्यात हुशार आणि ते स्वतःला माहीत असलेला, तो म्हणतो की चिठ्ठ्या आल्या त्याच क्रमाने घ्यायच्या. मी म्हणते, नाही. कामकऱ्याने सांगावं, 'मला आत्ता समोरच्याने रिसीव्हर ठेवल्याची चिठ्ठी हवी आहे', आणि तेवढीच उचलावी. बाकीच्या पेटीतच राहू देत, त्यांची वेळ आली की घेईल. आणि तीही ठरावीक वेळात आली नाही तर थांबणं सोडून पुढे जावं. टेलिफोनच्या कामात याखेरीज गत्यंतर नाही. नाहीतर प्रत्येक पायरीला नको त्या शंभर गोष्टींचा विचार करत बसावं लागतं.

भाषेत सध्या माझी पद्धत आहे. फेब्रुवारीअखेर निर्णय होईल. तुमच्याकडचं यंत्र हिवाळाभर न अडता चाललं तर ती राहील. नाहीतर वेर्नर ती खोडून टाकेल, आणि माझी सहा वर्षंही.

सिग्नेंना सांगा, मुंग्यांना म्हणावं हळू चाला.

इंगेला

*

यूसबेक
२० नोव्हेंबर

इंगेला,

कागद जोडला आहे. उणे बारा. सगळं ठीक. शाळेच्या बाईंनी सांगितलं की आवाज पूर्वीपेक्षा स्वच्छ येतो आणि त्यामुळे त्यांना आता बहिणीचे टोमणे नीट ऐकू येतात.

कामकरी आणि पेट्यांचं समजलं. मी तुझ्या बाजूने आहे. मी खांबावर चढलेलो असताना खालून कोणी काहीही ओरडलं तरी मला फक्त 'वीज बंद केली' एवढंच ऐकायचं असतं.

एक विचारायचं होतं. तुम्ही हे किती थंडीत तपासलंय?

सिग्नेने पिवळ्या बोरांच्या मुरांब्याची बाटली पाठवली आहे. म्हणते, तिकडे दुकानात मिळतो तो साखरेचा चिखल असतो.

हाल्वार

*

स्टॉकहोम
५ डिसेंबर

प्रिय हाल्वार,

मुरांबा तीन दिवसांत संपला. त्यातला अर्धा वेर्नरने खाल्ला, पावाला न लावता, चमच्याने. इतका वेळ गप्प बसलेलं त्याला मी पहिल्यांदाच पाहिलं.

थंडीची काळजी करू नका. कपाट तापवलेल्या खोलीत आहे, यंत्राला बाहेर काय चाललंय याचा पत्ताही लागत नाही. अठ्ठावन्न दिवस झाले, कागदावर एक ओरखडा नाही. भिंतीवर तक्ता लावलाय आणि रोज सकाळी मी त्यावर एक रेघ ओढते. वेर्नर त्या बाजूला बघत नाही.

एस्किल कसा आहे असं विचारणार नव्हते. विचारते.

इंगेला

*

यूसबेक
८ जानेवारी १९८९

इंगेला,

कागद जोडला आहे. उणे एकतीस. सगळं ठीक.

एस्किल नॉर्वेत बोटींवर असतो. बरा आहे.

हाल्वार

*

यूसबेक
१२ जानेवारी

इंगेला बाळ,

हाल्वारला न सांगता लिहिते आहे. पन्नास पावलांवरच्या टपालपेटीत टाकलं तर त्याला दिसेल, म्हणून दुकानातल्या बाईच्या हातात देणार आहे.

नाताळाच्या आधीपासून हा माणूस सकाळी सहाला उठून, कॉफीसुद्धा न घेता, स्की बांधून एक्स्चेंजवर जातो. रोज नाही, पण कडाक्याची थंडी पडली की हमखास. तासाभराने येतो, बूट काढतो आणि अपराधी कुत्र्यासारखा चुलीपाशी बसतो. मी विचारलं तर म्हणतो, "दार नीट लागलंय का बघून आलो." आठवड्यात तीनदा कसलं दार बघायचं?

परवा मंगळवारी हॉटेलात एका पाहुण्याच्या छातीत दुखायला लागलं. मालकिणीने डॉक्टरला फोन लावायला घेतला तर टोनच येईना. चार मिनिटं ती बाई रिसीव्हर कानाला लावून उभी. मग लागला. डॉक्टर आला, माणूस ठीक आहे, नुसती धास्ती निघाली. पण हाल्वारला हे कळल्यापासून तो जेवत नाही. काल रात्रीचं मटण तसंच ताटात ठेवलं. लग्नानंतर पस्तीस वर्षांत असं एकदाच झालंय, तुम्ही दोघं वेगळे झालात तेव्हा.

तो तुला काही सांगत नाहीये, एवढं मला कळतं. काय ते तू विचार.

सिग्ने

*

स्टॉकहोम
१७ जानेवारी

हाल्वार,

सिग्नेंवर रागावू नका.

तुम्ही यंत्राचं बटण किती वेळा दाबलंत? दिनांक हवेत. प्रत्येक दिवशी बाहेर किती थंडी होती तेही हवं. कागदाची तोडलेली टोकं मी आज जोडून बघितली. निदान पाच ठिकाणी ती जुळत नाहीत. मला हे आधीच दिसायला हवं होतं. मी रेघा ओढण्यात गुंग होते.

इंगेला

*

यूसबेक
२१ जानेवारी

इंगेला,

अकरा वेळा. यादी मागच्या पानावर आहे. कागदाचे तेवढे तुकडे फाडून स्टोव्हमध्ये टाकले.

पहिल्यांदा १५ डिसेंबरला झालं. हॉटेलची मालकीण म्हणाली की फोन सुस्त झालाय, उचलल्यावर सावकाश जागा होतो. मी जाऊन बघितलं, खरंच होतं. बटण दाबून यंत्र पुन्हा सुरू केलं की एकदम तरतरीत. मग दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. मला वाटलं, फेब्रुवारी संपेपर्यंत ढकलू. तुझं सहा वर्षांचं काम आहे. सकाळी सहाला कोणी फोन करत नाही, कोणाचं काही अडत नाही. मंगळवारी मी गेलो नव्हतो, कंबर धरली होती.

त्या माणसाचं नाव फोर्सेल आहे. मी परवा वर जाऊन त्याला भेटून आलो. काय झालं होतं ते सांगितलं. तो म्हणाला, "मी मेलो नाही ना, मग तोंड असं काय केलंय?" त्याने कॉफी पाजली.

तू यादी बघ. सगळे दिवस उणे पंचवीसच्या खालचे आहेत. कपाट उबेत आहे हे खरं. पण हॉटेलचा स्विचबोर्ड मागच्या पडवीत आहे, तिथे पाणी गोठतं. त्यातले रिले, ते वीज आली की टक् करून जोडणारे पत्रे, माझ्या लग्नाच्याही आधीचे आहेत. इतक्या थंडीत त्यातलं वंगण घट्ट होतं आणि ते उशिरा पडतात. बंद पडत नाहीत, नुसते उशिरा. जुन्या एक्स्चेंजला त्याचं काही वाटत नसे, ते थांबायचं. तुझ्या कामकऱ्यांना उशिराचं काय वाटतं ते मला माहीत नाही. नोव्हेंबरात विचारलं होतं.

हे मी तुझ्या वरिष्ठांना लिहून द्यायला तयार आहे.

हाल्वार

*

स्टॉकहोम
६ फेब्रुवारी

प्रिय हाल्वार,

सापडलं. तुम्हीच शोधलंत, मी नुसतं आत डोकावले.

आमचा कामकरी हॉटेलच्या स्विचबोर्डाला दर सेकंदाला विचारतो, 'मोकळा आहेस का?' ठरावीक वेळ वाट बघतो. उत्तर नाही आलं की 'बरं' म्हणून पुढे जातो आणि नव्याने विचारतो. प्रयोगशाळेत उत्तर कधीच उशिरा आलं नाही, इथे सगळीकडे तेवीस अंश असतात. तुमच्याकडे रिले आळस देऊन मग उत्तर पाठवतो. ते पेटीत पडतं. पण ज्याला ते हवं होतं त्याने वाट बघणं सोडलेलं. आता ती चिठ्ठी कोणालाच नको आहे. मी अभिमानाने लिहिलं होतं ना, बाकीच्या पेटीतच राहू देत? राहिल्या. दिवसाला हजारो. हवी ती चिठ्ठी शोधायला कामकरी दर वेळी वरपासून सगळा ढीग चाळणार. तुम्ही बटण दाबलंत की पेट्या रिकाम्या व्हायच्या.

आता वेर्नरचं. मी त्याच्या टेबलाशी गेले आणि तुमची यादी त्याच्यासमोर ठेवली. भिंतीवरचा तक्ता आधीच काढला होता. मी म्हणाले, "पंधरा डिसेंबरनंतरच्या रेघा खोट्या होत्या. बघ."

त्याने यादी वाचली. बराच वेळ वाचली. मग म्हणाला, "हे तापमान कोणी लिहिलं?"

"माझ्या..." म्हणाले मी आणि थांबले. "तिथल्या फिटरने."

"आपण दहा जण इथे बसून आहोत," तो म्हणाला, "आणि बाहेर किती थंडी आहे हे बघणं त्या एकट्याला सुचलं."

मला वाटलं, आता खोडणार. मी स्वतःच म्हणाले, "तुझ्या पद्धतीने चिठ्ठ्या क्रमाने घेतल्या असत्या तर नको असलेली चिठ्ठी पहिल्याच दिवशी समोर आली असती. माझ्या पद्धतीने ती दडून राहिली. हे मला मान्य आहे."

"हो," तो म्हणाला. "आणि माझ्या पद्धतीने हे एक्स्चेंज अजून अर्धंही लिहून झालं नसतं. बस."

आम्ही आठ दिवस भांडलो. हाल्वार, सहा वर्षांत आम्ही नीट भांडलोच नव्हतो, नुसते एकमेकांकडे पाठ करून बसत होतो. आता निवड राहणार. हवी तीच चिठ्ठी उचलता येईल. पण प्रत्येक प्रश्नाला एक नंबर असेल आणि उत्तरावर तोच नंबर हवा, म्हणजे शिळं उत्तर ताज्या प्रश्नाला चिकटणार नाही. आणि कामकऱ्याच्या मुख्य फेरीत शेवटी एक ओळ लिहावी लागेल, 'याखेरीज जे काही आलं असेल ते उचल, कागदावर छाप आणि टाकून दे.' ती विसरली तर भाषाच आपल्याला हटकेल. ही शेवटची ओळ वेर्नरची आहे. माझ्या पद्धतीला त्याने शेपूट लावून दिलं आणि आता ती दोघांची झाली.

तुम्ही वरिष्ठांना काही लिहू नका. मी सगळं सांगितलं, कागद फाडल्याचंही. साहेब म्हणाले की फिटरला इतकी भीती वाटावी असं आपण काय केलं ते आधी बघा. निर्णय एप्रिलपर्यंत पुढे गेला आहे.

माझा राग गेला नाही अजून. फोर्सेलचं नाव तुम्ही लिहिलंत तेव्हा मला हुडहुडी भरली. पण माझ्यासाठी सकाळी सहाला स्की बांधणारं माणूस मला दुसरं आठवत नाही.

इंगेला

*

यूसबेक
१२ मार्च

इंगेला,

नवा प्रोग्राम १४ फेब्रुवारीला बसवला. त्यानंतर सात दिवस उणे पंचवीसच्या खाली गेले, त्यातला एक उणे चौतीस. हॉटेलच्या मालकिणीला मीच रोज दुपारी फोन करून विचारतो. आता ती माझा आवाज ऐकला की "होय, लागला" म्हणते आणि ठेवून देते. कागदावर रोज पानभर टाकून दिलेल्या चिठ्ठ्या छापून येतात. बघायला बरं वाटतं. निदान दिसतात तरी.

एक फोर्सेलचं. त्याने घरी गेल्यावर मला मासे पकडायचा गळ पाठवला, चांगला महाग. सिग्ने म्हणते, परत पाठवायचा नाही.

दुसरं आहे ते मी बरेच दिवस लिहायचं टाळतोय. तू डिसेंबरात विचारलंस तेव्हा मी 'बरा आहे' एवढंच लिहिलं. एस्किल तिकडे एका मुलीबरोबर राहतो. राग्ना नाव. जूनच्या मध्याला लग्न आहे, इथेच, आमच्या चर्चमध्ये. मला वाटलं, तुला कळलं की पत्रं बंद होतील. सिग्ने म्हणाली, "एवढ्या थंडीत एक गोष्ट लपवून काय झालं ते बघितलंस ना?" म्हणून लिहिलं.

हाल्वार

*

स्टॉकहोम
१९ मार्च

प्रिय हाल्वार,

मला नोव्हेंबरपासून माहीत होतं. एस्किलनेच लिहिलं होतं. मी तुम्हाला विचारलं ते तुम्ही काय सांगता ते बघायला. तर लपवालपवीत आपण दोघं सारखेच निघालो.

पत्रं बंद होणार नाहीत.

आता कामाचं. एप्रिलच्या बैठकीला तुम्ही इथे यायचं आहे. वेर्नरने सांगितलंय, विनंती वगैरे नाही. स्विचबोर्डातला एक रिले बरोबर आणा.

इंगेला

*

स्टॉकहोम
२१ एप्रिल

प्रिय सिग्ने,

हाल्वार उद्या सकाळी पोचतील. पत्र त्यांच्यानंतर पोचेल. तोपर्यंत त्यांनी तुम्हाला "झालं, ठीक झालं" एवढंच सांगितलेलं असेल, म्हणून बाकीचं मी लिहिते.

तुम्ही इस्त्री करून दिलेला निळा शर्ट घातला होता. गळ्याचं बटण लावलं होतं आणि सकाळभर त्यांचा चेहरा त्या शर्टच्याच रंगाचा होता. खोलीत तीस जण. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला काय सांगायचंय?" हाल्वार म्हणाले, "सांगायचं काही नाही. तुमच्या कँटीनमध्ये बर्फाची पेटी आहे का?"

रिले कापडात गुंडाळून गोठवलेल्या माशांच्या शेजारी ठेवला. तासभर सगळे कॉफी पीत वाट बघत बसले. मग हाल्वारनी तो आणून टेबलावर जोडला आणि वेर्नरला म्हणाले, "विचार त्याला." वेर्नरने कळ दाबली. काही नाही. सगळे बघत राहिले. साहेबांनी तोंड उघडलं, आणि तेव्हा रिले टक् करून पडला. हाल्वार म्हणाले, "तो उत्तर देतो. जमेल तेव्हा देतो. तुमचं लक्ष तोवर दुसरीकडे गेलं, त्याला तो काय करणार?" आणि खाली बसले. एवढंच भाषण.

निर्णय आमच्या बाजूने झाला. भाषा राहिली, निवड राहिली, वेर्नरचं शेपूटही राहिलं. पुढच्या हिवाळ्यात आणखी चार गावं. वेर्नर दुपारी त्यांना घेऊन कुठेतरी गायब झाला. नंतर कळलं, दोघं बंदरावर मासे बघत फिरत होते. त्या गळाबद्दल त्याला सगळी माहिती आहे.

स्टेशनवर मी सोडायला गेले. गाडीला वेळ होता. हाल्वार म्हणाले, "लग्नाला तू यावंस असं सिग्नेला वाटतं. मलाही. एस्किलची हरकत नाही. राग्नाला विचारलं, ती म्हणाली, येऊ दे की."

मी म्हणाले, "मी लग्नाला येणार नाही."

ते रुळांकडे बघायला लागले.

"बटाटे कधी लावता?" मी विचारलं.

"जूनच्या सुरुवातीला. जमीन उकरता आली की."

"हात कमी पडतात?"

"एस्किल नसतो तेव्हापासून पडतातच." मग म्हणाले, "तुला वाकता येतं अजून?"

तर सिग्ने, लग्न त्या दोघांचं आहे, तिथे माझं काम नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटत नाहीये. पण बटाटे तुमचे आहेत. जूनच्या एक तारखेला गुरुवार येतो. मी सुट्टी टाकली आहे.

तुमची
इंगेला

*

यूसबेक
२७ एप्रिल

इंगेला बाळ,

"झालं, ठीक झालं" म्हणाला. मग तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं, तर मध्येच उठून लाकडं आणायला गेला. लाकडं भरपूर आहेत.

त्या गुरुवारी ये. हा म्हणतो, जमीन अजून ओली असेल, सोमवारपर्यंत हात लावायचा नाही. मी म्हणाले, मग चार दिवस ती बसून खाईल.

वरची खोली पाहुण्यांसाठी आवरते तशी आवरत नाहीये. तुला उशी कुठे असते ते माहीत आहे.

सिग्ने